मर्ल कोच टाकीवर बसला त्या शनिवारी

एल्सबर्गच्या जत्रेत शनिवारी दुपारी डुबकीच्या टाकीवर मर्ल हॅगस्ट्रॉम बसणार, हे गेली अकरा वर्षं ठरलेलंच होतं. खेळ गावातल्या अग्निशमन पथकाचा. समोरून काच असलेली, पाण्यानं भरलेली उंच टाकी, तिच्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक फळी आणि बाजूला दांड्यावर ताटाएवढी लाल चकती. तिकीट काढायचं, तीन चेंडू घ्यायचे. चकतीवर नेम बसला की फळी कोसळते आणि वर बसलेला माणूस पाण्यात. पण लोक रांग लावायचे ती नेमासाठी नाही, मर्लच्या तोंडासाठी.

मर्ल शाळेत चौतीस वर्षं व्यायाम शिकवत होता. निम्म्या गावाला त्यानं दोरावर चढवलं होतं, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकाला एकेक नाव चिकटवलं होतं. आता तो एकाहत्तरचा होता, पण आवाज अजून व्यायामशाळेतलाच. पिंजऱ्यातून बोलला तरी पार भजी-मक्याच्या गाड्यांपर्यंत ऐकू जायचा.

दाताच्या डॉक्टरचे तिन्ही चेंडू हुकले. मर्ल म्हणाला, "डॉक्टर, दातही असाच शेजारचा उपटता का?"

पाद्रीबाबांचा चेंडू चकतीच्या अलीकडेच पडला. "प्रवचनासारखंच झालं की हो. सुरुवात जोरात, पोचलं कुठंच नाही."

लोक पोट धरून हसले. पाद्रीबाबाही हसले. मर्लची बायको आर्डिस लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन, गर्दीसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभी होती. तीही हसली, थोडंसं. मर्लला बरं वाटलं. वर्षभर त्याला कुणी काही विचारत नसे. हा एक दिवस त्याचा होता.

मग रांगेतून कर्टिस वोलेन पुढं आला. टायरचं दुकान चालवणारा, बेचाळीस वर्षांचा, गप्प माणूस. शाळेत असताना तो लठ्ठ होता. मर्ल त्याला पोतं म्हणायचा, आणि बाकीच्या मुलांना नेम शिकवायचा असला की पोत्याला भिंतीशी उभं करायचा.

"अरे, पोत्या," मर्ल ओरडला. "जत्रेत आलास? मला वाटलं, तळलेल्या मक्याचा वास आला म्हणून वाट चुकलास."

तिकिटांच्या खिडकीवर बसलेल्या, पथकातल्या डुएनला कर्टिसनं सांगितलं, "आठ तिकिटं दे."

"आठ?" डुएननं विचारलं.

"आठ."

पहिला चेंडू थेट चकतीवर बसला. मर्ल बोलायला तोंड उघडतच होता; ते उघडं तोंड घेऊनच तो पाण्यात गेला. पाणी सकाळीच विहिरीतून भरलेलं, बर्फासारखं गार. तो फुरफुरत वर आला, शिडी चढला, फळी अडकवली आणि बसला. "बरा बसला रे एक. आंधळ्यालाही कधीतरी..."

दुसरा चेंडू. पुन्हा पाणी.

तिसरा. चौथा. पाचवा हुकला, आणि गर्दी हळहळली तेव्हा मर्लला पहिल्यांदा कळलं की लोक कुणाच्या बाजूचे आहेत. सहाव्याला तो पुन्हा खाली गेला.

"काय रे," वर येऊन, दम घेत त्यानं विचारलं, "घरी चकती बांधलीस की काय?"

"गोदामात बांधलीय," कर्टिस म्हणाला. "जानेवारीपासून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्लनंही वाजवल्यासारखं केलं. दहाव्या वेळी शिडीच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि नडगी सोलवटली. बाराव्या वेळी फळी अडकवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. त्यानं डुएनकडे बघून हळू आवाजात म्हटलं, "पुरे आता. मला उतरू दे."

डुएन हसून गर्दीकडे वळला. "कोच म्हणतायत, पुरे."

गर्दी आणखीच हसली. त्यांना वाटलं, ही नवी गंमत आहे. तासभर हा माणूस सगळ्यांची फिरकी घेत होता. आता तो खरं बोलतोय, हे कुणाला पटणार? मर्ल निळ्या पडलेल्या ओठांनी वर बसला होता आणि त्याला एवढंच कळत होतं की कर्टिसच्या हातातला चेंडू थोडा वेळ तरी थांबायला हवा. लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं. त्याला दोरीपाशी आर्डिस दिसली.

"अहो, माझ्याकडे काय बघताय," तो ओरडला, "तिकडे बघा, गावची गायिका उभी आहे. काल बैलांचा रोडिओ-खेळ सुरू होताना राष्ट्रगीत कुणी म्हटलं? वरच्या सुराला पोचली आणि तिथंच अडकली, कुंपणात अडकलेल्या शेळीसारखी." आणि त्यानं तो चिरकलेला सूर काढून दाखवला, लांबवून, मान वर करून. "बैल बाहेर यायला तयार होईनात. त्यांना वाटलं, आत कुणाला तरी कापतायत."

हशा झाला, दुपारभरातला सगळ्यात मोठा. कर्टिसचा हात खरंच थांबला.

आर्डिस मार्चपासून गाडीच्या शेडमध्ये, दार लावून, ते गीत घोळवत होती. काल रात्री घरी आल्यावर तिनं मर्लला एकदाच विचारलं होतं, "फार वाईट झालं का?" आणि तो म्हणाला होता, "कुणाच्या लक्षातही आलं नाही."

कर्टिस तिच्याकडे वळला. हातातला चेंडू त्यानं पुढं केला. "हा तुम्ही टाका, आर्डिसबाई."

"मला नेम नाही रे," ती म्हणाली. सरबताचा पेला तिनं त्याच्या हातात दिला, चेंडू घेतला नाही. दोरीखालून वाकून ती आत आली आणि सरळ चकतीपाशी जाऊन उभी राहिली.

पिंजऱ्यातून मर्लनं तिला जवळून पाहिलं. "आर्डिस," तो हळूच म्हणाला, "चेष्टा नाही. माझ्या हातापायात जीव राहिला नाही. त्यांना सांग."

"लोक किती हसतायत बघ, मर्ल," ती म्हणाली, आणि दोन्ही तळहातांनी चकती दाबली.

या वेळी तो वर आलाच नाही लगेच. टाकीच्या काचेमागं त्याचा पांढरा हात शिडी शोधत चाचपडत होता, आणि तेही लोकांना मजेचं वाटलं. शेवटी डुएननं आणि दुसऱ्या एकानं त्याला काखेत धरून ओढून काढलं. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. कर्टिसनं उरलेले चेंडू परत टोपलीत टाकले आणि तो मागं न बघता निघून गेला.

गाडीत मर्ल दोन टॉवेल गुंडाळून बसला होता. दात वाजायचे थांबत नव्हते. आर्डिसनं इंजिन चालू करून हीटर लावला.

"मी बुडालो असतो," तो म्हणाला.

"चार फूट पाणी आहे त्यात."

"तुला दिसत होतं ना, मी थकलो होतो?"

"दिसत होतं."

तो वाट बघत राहिला. तिनं आरशात बघून केस नीट केले. काचेवर टकटक झाली, पाद्रीबाबा होते. मर्लनं काच खाली केली.

"कोच, यंदा कमाल केलीत," ते म्हणाले. "आणि ते दमल्याचं सोंग तर काय विचारता. शेवटी तर आम्हाला वाटलं, गेलेच."

मर्लनं आर्डिसकडे पाहिलं. ती पुढच्या काचेतून मैदानाकडे बघत होती.

"जमलं ना?" मर्ल म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला.

पाद्रीबाबा गेल्यावर आर्डिसनं पर्स उचलली. "ट्रॅक्टरची शर्यत सुरू होईल आता. शेजारच्या जोनेलनं माझ्यासाठी जागा धरलीय," असं म्हणून तिनं दार उघडलं. "हीटर चालू ठेव. नाहीतर ताप येईल."

दार लावून ती गेली. गर्दीत शिरताना दोघी-तिघींनी तिला थांबवून मिठी मारली, आणि त्यांच्यात उभी राहून ती मान मागं टाकून हसली. इतक्या मोठ्यानं हसताना मर्लनं तिला कधी पाहिलं नव्हतं.