आधी पाणी

बोरसदच्या पुढे, केळीच्या बागा संपतात तिथे, दुधाची एक डेअरी आहे. जिगीषा वाघेला तिथल्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा तिचा बी.एस्सी.चा निकाल नुकताच लागला होता. पहिला वर्ग मिळाला होता आणि तो तिच्या चालण्याबोलण्यात दिसायचा.

तिला शिकवायचं काम मार्थाबेन मॅकवान यांच्याकडे आलं. मार्थाबेन पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, चष्म्याला दोरी लावणाऱ्या. डेअरीत त्यांना सगळे बेनच म्हणत, दिनकरभाई मॅनेजरसुद्धा. दुधातली फॅट मोजायला गंधकाचं अ‍ॅसिड लागतं. कारखान्यातून येतं ते फार कडक असतं, नळीत दूध करपवून काळं करतं. म्हणून त्यात थोडं पाणी मिळवून ते बेताचं करून घ्यावं लागतं. हे काम बेन स्वतः करत आणि दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसत.

जिगीषाला वाटलं, आता हे आपल्याला शिकवतील. बेननी तिला पाणी ओतायला लावलं. एका बीकरमधून दुसऱ्यात, काचेच्या कांडीच्या आधारानं, आवाज न होता, थेंब न उडता. पाण्यात थोडा रंग घातलेला असे, म्हणजे थेंब कुठे उडाला ते टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर दिसे. असे कितीतरी दिवस गेले. कापड तपासल्यासारखा बेन तो कागद उजेडाला धरून बघत आणि परत तिच्या हातात देत.

एकदा तिनं सांगून टाकलं, "बेन, हे सगळं मी कॉलेजात केलंय."

"कॉलेजात टँकर उभा नसतो, बेटा. इथे घाई असते. घाईत तुझा हात काय करतो, ते मला बघायचंय."

जिगीषानं घरी जाऊन आईजवळ तक्रार केली की मला तिथे पाणक्या करून ठेवलंय. आई म्हणाली, पगार पाणक्याचा नाही ना देत, मग ओत.

शेवटी एकदाचं खरं अ‍ॅसिड तिच्या हातात आलं. आधी पाणी मोजून बीकरमध्ये घ्यायचं, बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवायचा, मग अ‍ॅसिड बारीक धारेनं त्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. पाणी अगदी थोडं आणि अ‍ॅसिड भरपूर, त्यामुळे उलटं करावंसं वाटतं: एवढ्याशा पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, सरळ अ‍ॅसिडमध्येच पाणी टाकावं. बेननी हे तिला स्वतःहून सांगितलं. तसा मोह होतो, म्हणाल्या, आणि तसं केलं की वरच्या वर पाणी उकळतं आणि तोंडावर येतं. मिश्रण निवलं की घनता मोजायची. कडक राहिलं असेल तर दुसऱ्या भांड्यात पुन्हा थोडं पाणी घ्यायचं आणि हेच अ‍ॅसिड त्यात हळूहळू सोडायचं. जिगीषानं एकही थेंब उडू दिला नाही. बेन "ठीक आहे" म्हणाल्या आणि जिगीषा दिवसभर मनात खूश होती.

त्या उन्हाळ्यात बेनचा एकुलता एक मुलगा एल्विन कॅनडाला निघाला. बोरसदच्या आसपासच्या या चरोतर भागात कुणाचा मुलगा परदेशी जाणं ही काही बातमी नव्हे, बेनही कामावर त्याबद्दल फारसं बोलत नसत. पण निघायच्या आदल्या दिवशी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. डोळे सारखे पुसावे लागत होते, म्हणून संरक्षणाचा मोठा चष्मा त्यांनी काढून बाजूला ठेवला होता. त्यांचा रोजचा चष्मा तेवढा डोळ्यांवर होता. दिनकरभाई दोनदा येऊन विचारून गेले होते की अ‍ॅसिड कधी होतंय, नमुने खोळंबलेत. बेनना दुपारी लवकर घरी जायचं होतं.

मिश्रण पुरतं निवायच्या आतच बेननी घनता मोजली. ती थोडी जास्तच भरली, म्हणजे अ‍ॅसिड अजून कडक होतं. बेन जराशा पुटपुटल्या आणि त्यांनी पाण्याची पिचकारीची बाटली उचलली.

जिगीषा शेजारीच नळ्या पुसत होती. तिनं बाटली पाहिली. बाटलीचं तोंड कुठे वळतंय तेही पाहिलं. बेनना काय सांगायचं, त्यांना काही वेगळं करायचं असेल, असं तिच्या मनात आलं आणि "बेन" हा शब्द तोंडातून निघाला तोवर पाणी अ‍ॅसिडवर पडलं होतं.

तडतड असा आवाज झाला, कढईत ओली भाजी पडावी तसा. बेननी बाटली टाकली. गालावर आणि मनगटावर शिंतोडे उडाले होते, चष्म्याच्या काचेवरही. जिगीषानं त्यांना खांद्याला धरून नळाखाली नेलं, चष्मा काढला, डोकं खाली दाबून धरलं आणि नळ पूर्ण सोडला. थोड्या वेळानं बेन म्हणू लागल्या की पुरे, सोड. तिनं सोडलं नाही. बेनची साडी भिजली, जिगीषाच्या चपला पाण्यात तरंगायला लागल्या, दिनकरभाई दारात येऊन उभे राहिले. गाडी आणायला तिनंच त्यांना पिटाळलं.

डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, चष्मा होता म्हणून, आणि पाणी भरपूर वापरलं म्हणून. डेअरीत जिगीषाचं कौतुक झालं. तिला ते ऐकून घेताना बरं वाटत नव्हतं.

आठवड्यानं ती बेनना भेटायला गेली. बेन झोपाळ्यावर बसल्या होत्या, गालावर पट्टी. एल्विन गेला होता. त्याची खोली झाडून पलंगावर चादर अंथरून ठेवलेली दारातून दिसत होती. बेननी तिला प्यायला छास दिली, घरच्यांची चौकशी केली आणि मग सरळ विचारलं, "मी बाटली उचलली ते तू पाहिलंस?"

"हो," जिगीषा म्हणाली.

"मग गप्प का राहिलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत होतंच. माहीत असून केलं. म्हणूनच तर खोलीत दुसरं माणूस लागतं." मग त्या म्हणाल्या, "तुला ओतायला शिकवलं. मला अडवायला शिकवायचं राहिलं. ती चूक माझी."

कामावर परतल्यावर बेननी दिनकरभाईंना सांगितलं की दोष माझा होता, मुलीचा नाही, आणि अ‍ॅसिड चालू असताना यापुढे दारात येऊन विचारायचं नाही. दिनकरभाईंनी ऐकून घेतलं. मग रोज दुपारी दोघींचा नवा अभ्यास सुरू झाला. बेन साधं पाणी घेऊन मुद्दाम काहीतरी चुकवत आणि जिगीषानं त्यांना अडवायचं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बेन, जरा बघा ना, म्हणजे मला वाटतं..."

"एवढं बोलेपर्यंत माझा गाल जळला. थांबा म्हण."

"थांबा," जिगीषा म्हणाली आणि तिला हसू आलं. बेन हसल्या नाहीत. हसू जायला बरेच दिवस लागले. शेजारच्या खोलीतले लोक तिचं ते "थांबा" ऐकून आधी दचकायचे, मग त्यांनाही सवय झाली.

हिवाळ्यात एका सकाळी बेन कॉस्टिक सोड्याचं द्रावण करायला बसल्या होत्या. जाता जाता जिगीषाचा हात बीकरला लागला. पाणी गरम होतं. गार पाण्यातसुद्धा सोडा विरघळताना तापतो, गरम पाण्यात तर उसळून वर येतो. बेननी गिझरचा नळ सोडला होता, लवकर विरघळावा म्हणून असेल किंवा थंडीमुळे असेल.

"थांबा, बेन. पाणी गरम आहे."

बेनचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी बीकरला बोट लावून पाहिलं. "एवढं काही गरम नाही," त्या म्हणाल्या. पण सोडा त्यांनी परत डब्यात टाकला, बीकर ओतून दिला, थंड पाणी भरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारच्या जेवणापर्यंत त्या तिच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. जिगीषानं नळ्या पुसल्या, नमुन्यांचे आकडे लिहिले आणि त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.