पेटीची किल्ली

विठ्ठलराव आणि त्रिंबक एकाच मोटारसायकलवरून उतरले, तेव्हा राधाकिशन मोसंबीच्या बुंध्याशी आंघोळीचे सांडपाणी ओतत होता. रिकामी बादली त्याने उपडी ठेवली.

"दोन पॅनल एका गाडीवर? पेट्रोल लई महाग झालं म्हणायचं."

त्रिंबक हसला. विठ्ठलराव हसले नाहीत.

पाणीवापर संस्थेच्या निवडणुकीत हे दोघे नेहमी समोरासमोर असत. दसऱ्याला गावाने हात वर करून कौल दिला होता : पाऊस पडेपर्यंत तलावाचे पाणी फक्त पिण्यासाठी, शेतीचे पंप बंद. कौल अगदी थोड्या मतांच्या फरकाने ठरला. राधाकिशनचा हात विरोधात होता. तरी संस्थेचा अध्यक्ष म्हणून पंपांच्या वीजपेटीला कुलूप त्यानेच घातले होते.

"शुक्रवारी फेरसभा घेऊ," विठ्ठलराव म्हणाले. "दोन्ही पॅनल राजी हायेत. किल्ली आजच द्या."

"बंदीला हात वर केलेले निम्मे लोक ऊसतोडीला गेलेत."

"मंग? हाजिर असंल त्याचं मत," त्रिंबक म्हणाला. "तुझीच बाग जळायलीय बे. कुणासाठी अडून बसलाय?"

राधाकिशनने एक पान चुरगळले. त्याची पूड झाली. तो किल्ली आणायला घरात गेला.

खुंटी रिकामी होती. शेजारच्या खिळ्याला ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांच्या किल्ल्या लटकत होत्या. जाताना बाया त्या त्याच्या बायकोकडे, केसरबाईकडे ठेवून जात आणि ओळखीसाठी आपल्या लुगड्याची चिंधी बांधत. त्याच झुबक्यात पेटीची किल्ली होती. तिला केसरबाईच्याच हिरव्या लुगड्याचा काठ बांधलेला होता.

केसरबाई ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ही हितं कावून?"

"गुढीपाडव्याला येतील समद्याजणी. तवर राहू द्या."

त्याने किल्लीला हात लावला. सगळा झुबका वाजला. त्याने हात मागे घेतला.

बाहेर विठ्ठलरावांनी तळहात पुढे केला.

"सापडली का?"

"सापडली. सभा पाडव्यानंतर. समदे आल्यावर."

"तवर बाग ऱ्हाईल का?"

राधाकिशनने मोसंबीच्या बुंध्यावर हात ठेवला.

"विठ्ठलराव, तुमची कुऱ्हाड उद्या धाडून द्या. बाग मोडायची हाय."

त्रिंबकने गाडीला किक मारली. विठ्ठलराव मात्र लगेच मागे बसले नाहीत.