मालकांसमोरची बोलणी

“अक्कल गहाण टाकलीस का रे? जिन्याची सळई अजून साइटवर कशी नाही?” इंजिनिअर गरजला. मुकादमाने मान खाली घातली. मालकांचा पारा उतरला आणि ते गाडीत बसून निघून गेले.

गाडी वळणाआड जाताच दोघे चहा घेऊन सिमेंटच्या गोण्यांवर टेकले.

“आज फारच रंगात आला होतात, साहेब.”

“काय करणार, मुकादम? सळई मागवायला मीच विसरलो. तुम्हाला राग नाही ना आला?”

“राग कसला? तुमची खुर्ची टिकली तर आमची चूल पेटणार.”

हे दोघांचं जुनंच ठरलेलं होतं. चूक कुणाचीही असो, मालकांसमोर बोलणी खायची ती मुकादमाने. मालकांची पाठ वळली की ‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ व्हायचं. या सोयीवर त्यांनी कितीतरी इमारती उभ्या केल्या होत्या. माणसं कशी सांभाळावीत ते आपल्याला बरोबर कळतं, असं म्हणत इंजिनिअर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा.

इमारत पुरी होत आली तेव्हा मालकांनी त्याला बोलावलं. “पुढचं हॉस्पिटलचं काम तुम्हीच सांभाळा. माणसं तुमची तुम्ही निवडा. तेवढा तो मुकादम नको.”

“चांगला आहे हो तो, सर.”

“चांगला? अहो, दर खेपेला तुम्हीच तर त्याची बिनपाण्याने करत होता!”

चुका माझ्या होत्या, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण एवढ्या मोठ्या कामाची त्याने उभी हयात वाट पाहिली होती. तो “बरं,” म्हणाला. बाहेर पडताना त्या ‘बरं’ची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

मुकादमाला सांगतानाही तो चाचरला. “या वेळी मालकांनी दुसरा माणूस बघितलाय.”

मुकादम बराच वेळ ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिला. “माझं काही चुकलं का, साहेब?”

“छे हो. त्यांची मर्जी.”

ताबा द्यायच्या दिवशी मालक पाहुण्यांना घेऊन आले. हॉलचं दार फरशीला घासून अर्ध्यातच अडलं. ऐन वेळी फरशी बदलून जाड बसवायला लावली होती ती इंजिनिअरनेच. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे कुणाचं काम?”

आता तरी सांगून टाकावं म्हणून इंजिनिअरने तोंड उघडलं. “सर, ते...” पुढे काही फुटेना.

मागे उभा असलेला मुकादम पुढे आला. “माझंच चुकलं, मालक,” म्हणाला आणि सवयीने मान खाली घालून उभा राहिला. सगळे इंजिनिअरकडे बघू लागले. मग मुकादम त्याच्याजवळ सरकला आणि त्याच्यापुरतंच पुटपुटला, “ओरडा की, साहेब. मालक बघतायत.”

इंजिनिअर ओरडला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. मुकादम दारापाशी खाली बसला आणि मान वर न करता, ते नेमकं कुठे घासतंय ते अंगठ्याने चाचपू लागला.