डावीकडची जागा

"दाब," जीपखालून आवाज आला.

सत्यशीलाने ब्रेकचं पेडल दाबलं.

"धर."

तिने पाय रोवून धरला. खाली चाकामागे तिच्या नवऱ्याने, अंगदने, पान्याने ब्रेकच्या नळीचं निप्पल सैल केलं. नळीत अडकलेली हवा तेलाबरोबर फसफसत बाहेर पडली आणि तिच्या पायाखालचं पेडल हळूहळू बुडत गेलं. त्याने निप्पल आवळलं.

"आता सोड."

दाब, धर, सोड. सकाळपासून हेच चाललं होतं. महाराजांनी चरण टाकावं आणि टाळकऱ्यांनी ते उचलावं, तसा त्यात सत्यशीलाला एक ठेका सापडला होता. ती गुणगुणू लागली. गुणगुणण्याच्या नादात पुढच्या चरणाला तिने नको तेव्हाच पेडल दाबलं, आणि तेलाची बारीक पिचकारी अंगदच्या कपाळावर बसली.

"अगं ए! कपाळाला तेल फासलंस की!"

"बुक्का समजा," ती वरून म्हणाली.

शेडच्या दाराशी बाजेवर बसलेले विठ्ठलराव हसता हसता खोकायला लागले. अंगदचे वडील. पंचक्रोशीतल्या सप्ताहांमध्ये ते उभी हयात टाळकरी म्हणून उभे राहिले होते. आता मोटारसायकलवर त्यांना बसवत नव्हतं, आणि एसटी फाट्यावर सोडायची, तिथून गावापर्यंत चालवत नव्हतं. दोन वर्षं त्यांचे टाळ खुंटीला होते.

जीप त्यांच्यासाठीच होती, असं अंगद सगळ्यांना सांगायचा. अंबाजोगाईच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून तो निवृत्त झाला, आणि घरी बसून आठवड्यात कंटाळला. घाटनांदूरकडच्या आप्पारावांच्या मळ्यात ही जीप चिंचेखाली सडत पडली होती. कधीकाळी मिलिटरीच्या लिलावातून आलेली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. "तुला कामाची असंल तर ने बाबा," आप्पाराव म्हणाले, "पर आधी माझ्या कोंबड्यांना इचार." अंगदने ती ट्रॅक्टरला बांधून आणली. ट्रॅक्टर सत्यशीलाने चालवला. तो डेपोत ड्युटीवर असायचा त्या वर्षांत शेती तिनेच ओढली होती. ट्रॅक्टर तिच्या हाताला चुलीच्या फुंकणीइतका सवयीचा.

मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळा पसारा मांडला गेला. बॉनेटखालून पिसं निघाली, सीटच्या स्प्रिंगांत एक जुनं अंडं निघालं. कुजलेला तळाचा पत्रा कापून अंगदने नवा जोडला. कार्बोरेटर धुतला, वायरिंग पहिल्यापासून केलं. सत्यशीलाने शिलाई मशीनवर सीटची कव्हरं शिवली. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं, त्या दिवशी विठ्ठलरावांनी आपणहून टाळ खाली काढून चिंचेने घासायला घेतले.

"स्टिअरिंग उजवीकडं घे की बे," शेजारचा बजरंग म्हणायचा. "बीडला करून देत्यात."

"जन्माला आली तशी राहू दे तिला," अंगद म्हणायचा. "अन् काल्याच्या दिवशी बघ. बाबांना घेऊन मी स्वतः चालवत युसूफ वडगावला जाणार. रस्त्यावर उभा राहून बघ फक्त."

हे त्याने बजरंगला सांगितलं, पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. युसूफ वडगाव सत्यशीलाचं माहेर. तिथल्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन तिने लग्नानंतर क्वचितच सुरुवातीपासून ऐकलं होतं. ती पोचायची तोवर लाह्या-दही वाटून झालेलं असायचं.

ब्रेकचं काम झालं त्या दुपारी ती भाकरी थापत होती. खिडकीतून शेड दिसत होती. अंगद एकटाच जीपमध्ये चढला, आपण चालवतोय असं स्टिअरिंग धरून बसला आणि त्याने डावा पाय क्लचवर ठेवला. दाबला. अर्ध्यावर त्याचा चेहरा आक्रसला, गुडघा लटपटला, पाय निसटला. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय खाली घेतला. इतकी वर्षं गाड्यांखाली, खड्ड्यात उकिडवं बसून काढलेली. त्या गुडघ्याबद्दल तो चकार शब्द बोलत नसे. बोलला तर पारावर सांगितलेलं सगळं परत घ्यावं लागलं असतं.

घरात आल्यावर तो म्हणाला, "क्लच अजून लई जड हाय. स्प्रिंग बघावी लागंल."

सत्यशीलाने सकाळीच ब्रेकच्या मधेमधे क्लचही कितीदा दाबून पाहिला होता. लोण्यासारखा चालत होता.

"बघा की," ती म्हणाली, आणि ताटात गरम भाकरी वाढली.

काल्याच्या सकाळी अर्धी आळी जमली. जीप हिरवीगार, कोवळ्या उन्हात न्हाऊन उभी. बॉनेटला झेंडूचा हार. विठ्ठलराव पांढरं धोतर नेसून, पटका बांधून, कपाळी गंध लावून मागच्या बाकावर बसले, मांडीवर टाळ. शेजारच्या बायडाबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं.

"चला ड्रायव्हरसाहेब!" बजरंग ओरडला. "का डेपोसारखं टायमिंग चुकवायचं?"

अंगदने रेडिएटरचं पाणी पाहिलं. मग काच पुसली. मग पुन्हा पाणी पाहिलं. स्टिअरिंगच्या बाजूला जाऊन तो उभा राहिला, सगळा भार उजव्या पायावर देऊन, आणि काच पुन्हा पुसू लागला.

सत्यशीला नवी इरकल नेसून उजव्या बाजूला, रिकाम्या सीटपाशी आली होती. तिने चढायला पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मी उजवीकडं बसणार न्हाई."

"आँ?" अंगदचा हात काचेवर थांबला. "कावून?"

"नवऱ्यासंगं कीर्तनाला निघाले मी. बायकोची जागा डाव्या अंगाला. रखुमाई कुठं उभी हाय, जावा, देवळात बघून या."

"अगं, पर डावीकडं स्टिअरिंग हाय!"

"ते मी ठिवलंय का तिथं?"

आळीत हशा पिकला.

"अंगदा, सोप्पं हाय," बजरंग म्हणाला. "तोंड मागं कर अन् रिव्हर्समधी चालव. वहिनी आपोआप डावीकडं!"

"अन् महाराजाला पाठ दाखवीत जायचं व्हय रे मुडद्या!" बायडाबाई म्हणाल्या.

अंगद मागच्या बाकाकडे वळला. रीतीभातीचा प्रश्न आला की गाव विठ्ठलरावांचं तोंड बघत असे.

"बाबा, तुमी सांगा. असं असतं का कुठं?"

विठ्ठलरावांनी बोलायला तोंड उघडलं. पूजेला बायको नवऱ्याच्या उजवीकडे बसते. देवाधर्माच्या कामात तिची जागा तीच. गावातल्या किती नव्या सुनांना त्यांनी स्वतः, "पोरी, उजवीकडं सरक," म्हणून पाटावर नीट बसवलं होतं. आणि कीर्तनाला निघणं हे देवाचं काम नाही तर काय!

पण सत्यशीला त्यांच्याकडे बघत नव्हती. ती अंगदच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होती. विठ्ठलरावांनीही तिकडे पाहिलं. लेक कसा उभा आहे ते पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं, पटका नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तिचं बरोबर हाय. रखुमाई डावीकडंच. बस गं पोरी."

"घ्या!" अंगद गर्दीकडे हात पसरून म्हणाला. "शास्त्रच आडवं आलं. आता माणसानं काय करावं?" आणि तो वळसा घालून उजवीकडे चढून बसला. जरा जास्तच चटकन.

सत्यशीलाने पदर कमरेला खोचला. किल्ली फिरवली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. लिंबू फटकन फुटलं. जीप एकदा उसळली, मग शहाण्यासारखी चालू लागली. कुणीतरी "पुंडलिक वरदे" म्हटलं आणि सारी आळी "हारी विठ्ठल" म्हणत मागे धावली. बजरंग सगळ्यांत पुढे, मंजनाच्या जाहिरातीतल्यासारखे दात दाखवत.

वेशीबाहेर रस्ता मोकळा झाला. दोन्ही अंगांना ज्वारी पोटरीत आलेली. वारा तोंडावर येत होता. सत्यशीलाने ट्रॅक्टरवर कधी मिळाला नाही असा वेग पकडला आणि तिचं गुणगुणणं मोठं झालं. आज लाह्या तिच्यासमोर दह्यात पडणार होत्या.

अंगदने आपला उजवा हात पाहिला, डावा पाहिला. मग मागे वळला.

"बाबा, सत्यनारायणाला ही माझ्या उजवीकडं बसती ना? तुमीच बसवता."

"काय?"

"म्हणलं, पूजेला बायको..."

"इंजिनाचा आवाज लई हाय रं," विठ्ठलराव म्हणाले. "काय बी ऐकू येईना." आणि त्यांनी टाळ हातात घेतले.

अंगदने सत्यशीलाकडे पाहिलं. तिची नजर रस्त्यावर होती, ओठ घट्ट मिटलेले, गालात मात्र हसू मावत नव्हतं. चढ लागला. तिने क्लच दाबून गिअर खाली घेतला, आणि जीप न कुरकुरता चढू लागली.

अंगदने डावा पाय लांब केला. पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली, आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याला दिसेल असा, दोन्ही हातांनी गुडघा चोळायला लागला.

"लई दुखतो का?" सत्यशीलाने विचारलं.

"लई," तो म्हणाला, आणि मागच्या टाळांवर मान डोलवू लागला.