काखेतला टॉवेल

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर चाळीस माणसं मरायची आणि साडेनऊला चहा प्यायला परत जिवंत व्हायची. मी थट्टा करत नाही. तिथे चालणाऱ्या योगशिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात हे असंच सांगितलं जायचं, आणि जिन्यात चपला काढून उभे राहिलेले नातेवाईक हा चमत्कार दारातून बघायला एकमेकांच्या पायावर पाय देत.

चमत्कार असा. विद्यार्थी मांडी घालून ओळीने बसत. प्रत्येकाच्या दोन्ही काखांत एकेक टॉवेल, घट्ट गुंडाळलेला. कोपरं बरगड्यांना दाबून धरलेली, तळवे पुढे, डोळे मिटलेले. वर्गाचे गुरू, ज्यांना सगळे श्वासगुरू म्हणत, एकेकाचं मनगट धरत ओळीतून फिरत आणि हलक्या आवाजात जाहीर करत, "थांबली." म्हणजे नाडी थांबली. मग शेजाऱ्याने बोटं लावून खात्री करायची. आणि खरंच, मनगटात ठोका सापडत नसे.

या आसनाचं नाव प्राणबंध. टॉवेल कशाला, असं एका निवृत्त पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं म्हणे. श्वासगुरूंनी सांगितलं की माणसाचा निम्मा प्राण काखेतून गळतो, तिथे घाम येतो तो त्यामुळेच. पोस्टमास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मला तिथे नेलं माझ्या ताईने. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तीस वर्षं पाने आवळून माझा डावा खांदा इतका आखडला होता की शर्ट घालताना बायकोला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि ताईने मला ओढत वर्गात नेऊन बसवलं. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आणि सहा महिने मन लावून शिकत होती. ती शिकवायला उभी राहिली की बघत राहावं असं शिकवायची. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाला चक्कर येते, सगळं लक्षात ठेवायची. तीन आठवड्यांत तिने माझा डावा हात मागच्या खिशापर्यंत पोचवला होता. त्यामुळे व्यायामाशी माझं भांडण नव्हतं आणि आजही नाही.

भांडण सुरू झालं एका बरणीवरून. ताईला अकरा वर्षं रक्तदाबाची गोळी चालू होती. मधे एकदा तिचं तोंड वाकडं होऊन शब्द अडखळले होते, तेव्हापासून डॉक्टरांनी एकही दिवस चुकवायचा नाही अशी तंबी दिलेली. आणि श्वासगुरूंचा नियम असा, की ज्याची नाडी सलग तीन रविवार थांबते त्याला औषधाची गरज उरत नाही. त्याने पदवीच्या समारंभात आपल्या गोळ्या काचेच्या बरणीत टाकायच्या, तरच 'ध्यानोपचारक' असं प्रमाणपत्र मिळणार. "जो स्वतः गोळ्या गिळतो, तो दुसऱ्याला काय बरं करणार?" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना ते डोळे असे मिटत, की समोरच्याला आपल्या खिशातल्या खोकल्याच्या गोळीचीसुद्धा लाज वाटावी.

समारंभ रविवारी होता. गुरुवारी ताईकडे गेलो तर गोळ्यांची पाकिटं रिबिनीने बांधून टेबलावर तयार ठेवलेली. आजपासूनच बंद केल्या, ती म्हणाली. मी समजावलं, चिडलो, डॉक्टरांचं नाव घेतलं. ती शांतपणे भाजी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "तू ऐकीव बोलतोयस. मी माझ्या बोटांनी माझी नाडी थांबलेली पाहिली आहे."

अंगारा, ताईत असलं काही असतं तर मी तासभर बोललो असतो. पण ती खोटं बोलत नव्हती.

शुक्रवारी समारंभाची रंगीत तालीम होती. त्यात माझीही परीक्षा घ्यायचं ठरलं. आता माझी अडचण बघा. उजव्या काखेत टॉवेल गेला, पण डावा हात टॉवेल घालण्याइतका अंगापासून वेगळाच होईना. श्वासगुरू म्हणाले, राहू दे. त्यांनी उजवं मनगट धरलं. "थांबली." मग डावं धरलं, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. डावी नाडी आमच्या वर्कशॉपच्या मोटारीसारखी ठणठणीत चालू होती.

"मी अर्धाच मेलोय का?" मी विचारलं. मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं.

श्वासगुरूंनी सांगितलं की माझी डावी बाजू संशयी आहे. वर्गाने सहानुभूतीने मान डोलावली. पण घरी जाताना मला माझ्याच धंद्याची आठवण झाली. दुसऱ्या मजल्यावर नळाला पाणी येत नाही म्हणून लोक मला बोलावतात. मी आधी मोटार बघत नाही, पाइप बघतो. कुठेतरी पाइप दबलेला असतो आणि खाली मोटार बिचारी चालूच असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते इतकं शब्दशः खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी उजव्या काखेत टॉवेल कोंबून बसलो आणि बायकोला मनगट धरायला लावलं. नाडी गेली. मी त्याच अवस्थेत तिला विजेचं बिल वाचून दाखवलं. समाधी काही भंगली नाही. मग आमच्याच वर्गातल्या सिस्टरांना फोन केला. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हाताकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी काखेतूनच जाते. रोज शंभर नाड्या बघते मी, आणि वर्गात एकदाही कुणाच्या मानेला हात लावून बघितला नाही."

शनिवारी मी टॉवेल घेऊनच ताईकडे गेलो. ती हात लावू देईना. प्राणबंध घरी करायचा नाही अशी श्वासगुरूंची सक्त ताकीद होती, कारण गुरू जवळ नसताना थांबलेलं हृदय परत सुरू होईलच असं नाही. मी दोन तास डोकं आपटलं. तिचा चेहरा लालसर दिसत होता, कपाळ धरून बसली होती, आणि डोकं दुखतंय हे कबूल करत नव्हती. मला तिच्याबद्दल इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

रविवारी वर्ग खचाखच भरला. व्यासपीठावर ध्वनिक्षेपक, बरणी, आणि मधोमध ताई, काखांत दोन पांढरे टॉवेल घेऊन. रिबिनीने बांधलेली पाकिटं मांडीवर. श्वासगुरूंनी मनगट धरलं. "हृदय शांत झालं आहे. या क्षणी या देहाला कुठलंच औषध लागत नाही." जिन्यातल्यांनीसुद्धा श्वास रोखले.

तेव्हा सिस्टर उठल्या, व्यासपीठावर गेल्या, ताईच्या मानेला दोन बोटं लावली आणि ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेऊन मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. भराभर. वीसपर्यंत पोचल्या तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू झाली होती. श्वासगुरू म्हणाले, की मानेतली नाडी स्थूल असते, खरी ती मनगटातली. मी वर गेलो आणि ताईच्या उजव्या काखेतला टॉवेल काढला. सिस्टरांनी मनगट पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. "आली," पोस्टमास्तर म्हणाले. टॉवेल परत घातला. "गेली." काढला. "आली." नळ उघडावा आणि बंद करावा तसं मी चार वेळा केलं.

मग मी लोकांना सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. मग शाली गुंडाळल्या गेल्या, पिशव्या, रुमाल, घड्या केलेली वर्तमानपत्रं काखांत गेली, आणि पाच मिनिटांत अख्खं सभागृह समाधीत गेलं. समाधीत एकीने मुलाला ओरडून खाली बसवलं. समाधीत दोघांचं खुर्चीवरून भांडण झालं. एका आजोबांची नाडी थांबली तेव्हा ते शेजाऱ्याला स्वतःच्या ऑपरेशनची सविस्तर हकिकत सांगत होते. श्वासगुरूंना कुणीतरी विनंती केली की तुम्ही टॉवेलाशिवाय थांबवून दाखवा. ते म्हणाले, आज सभागृहातले तरंग दूषित झाले आहेत. मग ते कपडे बदलायला आतल्या खोलीत गेले, ते मागच्या जिन्याने उतरलेले लाँड्रीवाल्याने पाहिले.

सगळे हसत होते. ताई हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझं सगळं शहाणपण तिथेच ओसरलं. सहा महिने तिने पहाटे उठून, गुडघे सोलून काढून केलेली मेहनत मी चार मिनिटांत हशाचा विषय केली होती. मी तिच्याजवळ बसलो. सिस्टरांनी पर्समधून रक्तदाबाचं यंत्र काढून तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा मला दाखवला. वरचा एकशे ब्याण्णव होता.

ताईने तो स्वतः वाचला. मग मांडीवरच्या पाकिटांची रिबिन सोडली, पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. ध्वनिक्षेपक चालूच होता. ती बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच होता.

"मला आलेला अनुभव खोटा नव्हता," ती म्हणाली. "नाडी खरंच लागत नव्हती. पण ती का लागत नाही, हे मी शोधलं नाही. ज्याला माझ्या विश्वासाची गरज होती त्यालाच विचारलं. उद्यापासून आपल्यातले कितीतरी जण शिकवायला लागणार आहेत. लोक आपल्यापुढे आजार घेऊन येतील, आणि आपण डोळे मिटून सांगू ते ऐकतील. म्हणून सांगते, आसनं शिकवा, श्वास शिकवा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्या हातातून काढून घेऊ नका. आणि आपल्याला एखादी नवलाची गोष्ट दिसली, की हात जोडण्याआधी ती दुसऱ्या कशाने घडते का ते बघा. बघायला फार काही लागत नाही."

मग ती सिस्टरांचा हात धरून उठली, आणि मी तिला तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी आम्हा दोघांनाही झाडलं. मला जास्त, कारण मी गुरुवारीच यायला हवं होतं.