सहावा दात

"दात काढायला आलोय पोरी, डुक्कर विकायला नाही! वजन कशाला?"

म्हातारा काट्यावर चढेना. आरोग्यकेंद्रात दातांच्या डॉक्टरीणबाईंची परिचारिका असलेली रास्मिनी काटा घेऊन त्याच्या पायापाशी बसूनच राहिली.

"चढा आजोबा. बधिर करायचं औषध वजनावर मोजतात. हृदयाचा त्रास? रक्तदाब? पूर्वी सुई घेऊन चक्कर आली होती?"

"आता कुंडली माग!"

"असली तर द्याच."

म्हातारा कुरकुरत चढला. बाईंनी सुई टोचली आणि औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून पाहिला. नळीत रक्त आलं नाही, म्हणजे सुई शिरेत नव्हती. मग औषध सावकाश सोडलं. गाव या दोघींना हसायचं. एका दाताला एवढा थाट!

गावाचा जीव होता तो नेंगाह सुवेकावर. हा निवृत्त कंपाउंडर. त्याची सुई इतकी हलकी, की तळ्यावरचे डास त्याच्या अंगणात शिकायला बसत म्हणे. बालीत पोरं वयात आली की वरचे सहा दात कानशीने घासतात. सहा दात म्हणजे सहा शत्रू, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. घासले की माणूस माणसात आला. आजे-पणजे दाढेत उसाचं कांडं धरून निमूट घासून घेत. पण आता व्हिडिओ आला. कपाळावर आठी दिसली की घराण्याची अब्रू गेली. म्हणून सोहळ्याला हिरड्या बधिर करायला सुवेका हवाच. एक बाटली, एक सुई, सगळी पोरं. विचारपूस शून्य.

नऊ वर्षांपूर्वी अशाच सोहळ्यात, दात घासायच्या पलंगावर रास्मिनीची धाकटी बहीण अरिंती झोपली होती. वय सतरा, वजन अडतीस किलो. ती जरा कण्हली तसा मामा ओरडला, "काका, आणखी एक द्या, चित्र बिघडतंय!" एका सुईच्या दोन झाल्या, दोनांच्या सहा. अरिंती पुटपुटली, "ताई, कानात भुंगे वाजतायत. जीभ माझी वाटत नाही." सुवेका म्हणाला, "लाडावलीय." मग तिला झटके आले. नारळाच्या वाटीत दातांचा चुरा थुंकायच्या आधीच ती गेली.

गावाने निकाल दिला, "पोरीचे शत्रू माजलेले होते." सुवेका त्या दिवशी जेवूनच घरी गेला.

रास्मिनीने तो राग लोणच्यासारखा मुरवला. परिचारिका झाली आणि स्वतःचे दात मात्र घासू दिले नाहीत. आई रडायची, "अशीच मेलीस तर पितर तुला राक्षसीण समजून हाकलतील गं!"

"मग दात धारदार असलेलेच बरे, आई."

यंदा गावाने तीस पोरांचा एकत्र सोहळा काढला. पहिलं नाव रास्मिनीने स्वतःचं दिलं. आईने आनंदाने सगळ्या वाड्यांवर केळी वाटली.

सकाळी पिवळं-पांढरं नेसून रास्मिनी मंडपात आली, बगलेत वजनकाटा. पलंगाशी तो ठेवला. सुवेका औषधाची पिचकारी भरून हसला, "काय गं, माझं दुकान बंद करतेस काय?"

"छे, काका! तुमचा मान. आधी तुम्हीच चढा."

लोक हसले. सुवेकाही हसत चढला. ब्याण्णव किलो.

"अरिंती अडतीस होती," रास्मिनी म्हणाली. हसू तुटलं. "तिला सहा दिल्या होत्यात. तुमच्या वजनाला चौदा बसतील. मी सहाच मागते. झोपा. सुई तुमची, बाटली तुमची, हात तुमचा. टोचून घ्या."

"वेडी झालीस?"

"लाडावलात, काका?"

तीस पोरं, त्यांच्या आया, कॅमेरावाला, सगळे बघत होते. दुसऱ्यांच्या कपाळावर आठी पडू न देण्याची ज्याची ख्याती, त्या सुवेकाच्या स्वतःच्या कपाळावर घामाची ओळ फुटली.

"मला नको... माझं हृदय कमजोर आहे. शहरात दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी सगळं विचारून, मोजून..."

तो थांबला. पण वाक्य तोंडातून सुटलं होतं.

"म्हणजे विचारायचं असतं हे ठाऊक होतं तुम्हाला," रास्मिनी हळूच म्हणाली. "स्वतःपुरतं."

तिने फक्त पिचकारी उचलली. टोपण काढलंही नव्हतं. ब्याण्णव किलोंचा सुवेका आंब्याचं पोतं पडावं तसा कोसळला. चार बायांनी पाणी मारून उठवला, तेव्हा मांडवाच्या दारात रास्मिनीने सकाळीच बोलावलेले दोन पोलीस उभे होते. मामा नजर चुकवून नारळ मोजू लागला. आईने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि त्याच्या पायाशी आपटला.

डॉक्टरीणबाई आपली पेटी घेऊन आल्या. ज्याला बधिर व्हायचं असेल त्याने काट्यावर चढायचं, ज्याला नको त्याने ऊस धरायचा आणि खुशाल कण्हायचं.

रास्मिनी पलंगावर आडवी झाली. कानसवाले गुरुजी वाकले. "सुई?"

"नको. आणि गुरुजी, पाचच घासा."

"सहा शत्रू असतात, पोरी."

"क्रोध राहू द्या. खालच्या तीन गावांत अजून असल्याच बाटल्या आहेत. तेवढं काम उरकलं की स्वतः येईन घासून घ्यायला."

गुरुजींनी मान डोलावली आणि तिच्या सहाव्या दातावर कापसाचा बोळा ठेवला. मग कानस पहिल्या दाताला लावली. आणि मांडवात, वजनकाट्यासमोर, पोरांची रांग लागली.