बुडीत गावाच्या संघाची पाटी

विषय : ‘आंबेथडी’ या नावाने कबड्डी संघाची नोंदणी कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) श्री. बद्रीनाथ कडूबा थोटे, रा. बजाजनगर, यांचा अर्ज. २) तहसील कार्यालयाचा दाखला. ३) पत्र्याची पाटी, नग एक.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, संदर्भ क्रमांक तीन म्हणजे मी. मी पाटी बोलतेय. अडीच फूट लांब, फूटभर रुंद, एका कोपऱ्याला पोचा. माझा सध्याचा मुक्काम गोदातीर कबड्डी महासंघाच्या कार्यालयात, लोखंडी कपाटावर, बंद पडलेला पंखा आणि न वाटलेल्या ढाली यांच्या मध्ये आहे. माझ्या भोकात सुतळी ओवून एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर ‘पुरावा’ असं लिहिलंय. दोन वर्षं पुरावा म्हणून पडून राहिलं की कुणालाही कार्यालयीन भाषा येते. मलाही आली.

माझा जन्म खेळासाठी झाला नाही. गोदावरीच्या अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, अशी वाटणी होती तेव्हाची गोष्ट. आंबेथडी गाव अगदी काठावर. तिथं करोडगिरीचं नाकं होतं. पलीकडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायचं ठिकाण. त्या नाक्यावर मी टांगलेली होते आणि माझ्यावर उर्दूत ‘ठहरो’ असं लिहिलेलं होतं. लोकांना अडवणं हाच माझा पहिला धंदा. पुढं मला अडवणारे भेटले, तेव्हा त्यांच्यावर मनापासून रागावता आलं नाही ते यामुळं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नाकं मात्र आणखी काही वर्षं चालू राहिलं. राज्य चार-पाच दिवसांत जातं, जकात तशी जात नाही. शेवटी तेही उठलं. टेबल एकानं नेलं, कंदील दुसऱ्यानं. मला कडूबा थोट्यानं गोठ्याचं भगदाड बुजवायला नेलं.

तिथंच माझं आयुष्य संपायचं, पण त्या वर्षी पौषात कडूबा सहा गडी घेऊन होडीतून पलीकडच्या जत्रेत हुतुतू खेळायला गेला. संघाला नाव नव्हतं. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, ‘आता येत आहेत निजामवाले.’ मैदान हसलं. सामना यांनीच जिंकला, पण परतीच्या होडीतच कडूबानं सगळ्यांना पारावर यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पारावर सगळे जमले. संघाला नाव पाहिजे.

एकानं ‘जय हनुमान’ सुचवलं. संघातला सगळ्यांत चपळ गडी म्हणजे नवाब. वय सतरा, धंदा बैलगाड्या आणि शिंगं रंगवायचा. तो म्हणाला, ‘मला चालंल. फकस्त मारुतीला इचारून घ्या, मी त्याच्या नावानं घुसलो तर त्याला चालंल का.’

दुसऱ्यानं ‘मराठवाडा’ सुचवलं. कडूबा म्हणाला, ‘एवढं मोठं नाव घेऊन हरलो तर पाच जिल्ह्यांची माफी कोण मागंल?’

मग तोच म्हणाला, ‘आपून जिथले, तिथलं नाव. त्याच्यात समदेच बसतेत.’

मला गोठ्यातून काढलं. नवाबनं ‘ठहरो’वर पांढरा रंग फासला. पण त्याची शाळा उर्दूतली, मराठी अक्षर त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. गुरुजींनी जमिनीवर खडूनं चार अक्षरं काढून दिली. बैलाच्या शिंगावर वेल काढावी तशी नवाबनं ती माझ्यावर काढली : आंबेथडी. पुढच्या पौषात कडूबा मला बांबूला बांधून मैदानात सगळ्यांच्या पुढं चालला. भोंगेवाल्यानं मला वाचलं आणि निजामवाले हा शब्द त्या काठावर पुन्हा ऐकू आला नाही.

वीस वर्षं बरी गेली. नंतर पैठणला धरण झालं आणि आंबेथडी बुडीत क्षेत्रात आली. लोकांनी चौकटी काढल्या, कौलं उतरवली, पाटे-वरवंटे गाडीत घातले. गाव तीन ठिकाणी वाटलं गेलं. वसाहतींना नावं मिळाली नाहीत, क्रमांक मिळाले. कुणी दोन नंबरमध्ये गेलं, कुणी चारमध्ये. नवाबचं बिऱ्हाड खुलताबादला चुलत्याकडं गेलं. कडूबानं मला गाडीच्या साटीला पुढं बांधलं होतं. गावाचं नाव लिहिलेली गावाबाहेर पडलेली एवढी एकच वस्तू मी होते. सरकारी कागद होते, पण ते आधीच सरकारकडं होते.

कडूबा वसाहत क्रमांक दोनमध्ये गेला. मरताना त्यानं मला मुलाच्या, बद्रीनाथच्या हवाली केलं. बोलायला तसं काही नव्हतं. मी समोर होते आणि बद्रीनाथला वाचता येत होतं.

बद्रीनाथला वाळूजच्या कारखान्यात काम लागलं, बजाजनगरात खोली मिळाली. त्यानं सुट्टीच्या दिवशी सायकलवर हिंडून तिन्ही वसाहतींतले खेळाडू गोळा केले. वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारे, एकमेकांच्या लग्नातसुद्धा न भेटणारे गडी जानेवारीत महासंघाच्या स्पर्धेला मात्र माझ्यामागं उभे राहायचे. दर वर्षी स्पर्धेआधी बद्रीनाथ मला घेऊन खुलताबादला जायचा आणि नवाबचाचा त्या चार अक्षरांवरून ब्रश फिरवायचा.

स्पर्धेला बद्रीनाथची आत्या दगडाबाई चार नंबर वसाहतीतून दोन एसट्या बदलून यायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. भोंग्यावरून ‘आंबेथडी, मैदानात या’ एवढं ऐकलं की पिशवी उचलायची.

‘आत्या, सामना तर बघ,’ बद्रीनाथ म्हणायचा.

‘बघून काय करू? झालं माझं.’

तिच्यासारखी तीस-चाळीस माणसं यायची. वर्षातून एकदा, मोठ्या आवाजात, चारचौघांत गावाचं नाव घेतलं जायचं ते तिथंच. संघ बहुधा दुसऱ्या फेरीत हरायचा. त्याचं कुणाला फार वाटत नव्हतं.

आता नियमाबद्दल. महासंघाकडं ‘जय हनुमान’ नावाचे चार संघ होते आणि एकाच पुढाऱ्याच्या नावाचे तीन. त्यांतला एक त्या पुढाऱ्याच्या विरोधकांनी काढला होता. कुणी कुणाला हरवलं हे वर्तमानपत्राला कळवताना चिटणीसांच्या नाकी नऊ यायचे. म्हणून ठराव झाला : यापुढं संघाचं नाव भौगोलिकच हवं आणि ते सरकारी यादीत असलं पाहिजे. सगळ्यांनी पटापट नावं बदलली. ‘अजिंठा’ या नावासाठी तीन संघ भांडले. तिन्ही शहरातले. त्यांच्यापैकी एकाही खेळाडूनं लेणी पाहिलेली नव्हती, पण नावाला वजन आहे असं तिघांचंही मत पडलं.

ज्या एका संघाचं नाव पहिल्यापासून भौगोलिक होतं, तो तेवढा नियमात बसेना.

‘आंबेथडी यादीत नाही हो,’ चिटणीस तात्यासाहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. टेबलावर काच आहे, काचेखाली देवांचे फोटो आहेत.

‘यादीत कसं असंल साहेब, पाण्यात हाय.’

‘तेच म्हणतोय. भौगोलिक नाव पाहिजे.’

‘भौगोलिकच हाय की. बाकीचे मारुतीचे आन् पुढाऱ्याचे होते, तवा बी आमी भौगोलिकच होतो.’

तात्यासाहेबांना मुद्दा पटला. पटलेला मुद्दा कागदावर कसा घ्यायचा हे न सुचल्यामुळं त्यांनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, ‘गावाबद्दल काहीतरी सरकारी कागद आणा. मी बैठकीत ठेवतो.’

बद्रीनाथनं तहसिलीत अकरा खेपा घातल्या आणि कागद आणला. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. त्यानं तो प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. मला काखेत धरून तो तिन्ही वसाहतींत हिंडला आणि प्रत्येक ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला : ‘मौजे आंबेथडी, तालुका गंगापूर...’ लोक शिक्क्यावरून बोट फिरवत होते. दगडाबाईनं तो कागद कपाळाला लावला. पुढची ओळ बद्रीनाथनं पाहिली नव्हती असं नाही. त्याला ती महत्त्वाची वाटली नाही. पुढची ओळ अशी होती : ‘हे गाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेले असून सध्या अस्तित्वात नाही.’

तात्यासाहेबांनी नेमकी तीच ओळ वाचली.

‘थोटे, अहो, हा तर गाव नसल्याचा दाखला आहे. तुम्हीच आणून दिलात.’

‘नसलेल्या गावाला सरकार शिक्का मारतं का साहेब?’

तात्यासाहेबांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘उन्हाळ्यात पाणी उतरतं ना? तेव्हा गाव दिसतं का?’

‘एखांद्या साली पार दिसतो. देवळाचं जोतं दिसतं.’

‘मग तसा दाखला मिळतो का बघा. हंगामी.’

‘स्पर्धा जानेवारीत असती साहेब. तवा धरण भरलेलं असतं.’

‘हो, तेही आहे.’ त्यांनी नोंदवही पुढं ओढली. ‘एक काम करा. “नाथसागर” घ्या. जलाशयाचं नाव आहे, सरकारी यादीत आहे, भौगोलिक आहे, मोठं आहे, अजून कुणी मागितलेलं नाही. खाली तुमचं गाव आहेच की. एका परीनं तुमचंच नाव. शुक्रवारी नोंदणी बंद होतेय.’

त्याच सुमारास शहराचंही नाव बदललं होतं. महासंघानं जुन्या छापील अर्जांवरचं औरंगाबाद खोडून वर पेनानं छत्रपती संभाजीनगर लिहिलं आणि काम पुढं चालू झालं. म्हणजे नाव बदललं तरी गाव राहतं, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं. आमच्याकडं नाव शाबूत होतं. त्याचा अर्जाला उपयोग होत नव्हता.

गुरुवारी बद्रीनाथ मला घेऊन खुलताबादला गेला. नवाबचाचा पंच्याऐंशीच्या पुढं गेला होता. दुकानासमोर खाटेवर बसला होता. बद्रीनाथनं मला त्याच्यासमोर टेकवलं आणि नेहमीसारखा रंगाचा डबा उघडला नाही.

‘काय झालं रं?’

‘चाचा, औंदा दुसरं नाव लिवायचं.’

‘कोन्तं?’

‘नाथसागर.’

नवाबचाचानं ऐकू न आल्यासारखं केलं. बद्रीनाथनं पुन्हा सांगितलं.

‘ज्याच्यात घर बुडलं,’ चाचा म्हणाला, ‘त्याचं नाव बांबूला बांधून तू म्होरं चालनार?’

‘मंग काय करू? नाय लिवलं तर संघ जातो. लिवलं तर नाव जातं. उद्या शेवटचा दिस हाय. मह्याकडं तिसरं काय नाय, चाचा.’ एवढं बोलून तो पायरीवर बसला. सत्तरीचा माणूस, तोंड दुसरीकडं फिरवून बसला. मी त्याला कारखान्याच्या संपात पाहिलंय, बापाच्या मयतीला पाहिलंय. तेव्हा तो असा बसला नव्हता.

चाचानं डबा ओढून घेतला. ब्रश बुडवला. पहिला थेंब खाटेवर पडला. मग तो त्याच चार अक्षरांवरून सावकाश गिरवत गेला. आं. बे. थ. डी.

‘चाचा, म्या काय सांगितलं?’

‘ऐकलं. मला मराठीत एवढंच लिवता येतं. दुसरं पायजेल तर दुसरा पेंटर बघ.’

बद्रीनाथनं दुसरा पेंटर बघितला नाही. शुक्रवारी ओल्या रंगासकट मला तसंच महासंघात आणलं. तात्यासाहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि मार्ग काढला : मूळ पाटी जुन्या वापराचा पुरावा म्हणून जमा करावी, प्रकरण पुढील बैठकीत ठेवण्यात येईल. बद्रीनाथनं मला टेबलावर ठेवलं. पण हात काढायला त्याला वेळ लागला. शिपायानं मला कपाटावर चढवलं, अक्षरं भिंतीकडं करून. रंग ओला होता. भिंतीवर आता उलटं आंबेथडी उमटलंय. ते तिथं आहे हे कार्यालयात अजून कुणाला माहीत नाही.

त्या जानेवारीत स्पर्धा झाली. मी गेले नाही. बद्रीनाथ नंतरच्या बुधवारी चौकशीला आला तेव्हा तात्यासाहेबांना म्हणाला, ‘आत्याला सांगितलं व्हतं, औंदा येऊ नको. तरी आली. दिवे लागंस्तवर बसून व्हती. म्हनली, पुकारतील आता.’ तक्रारीचा सूर नव्हता. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ‘बैठक लागू द्या’ म्हणाले.

बद्रीनाथ दर बुधवारी येतो. दर वेळी थोडं कमी बोलतो. सात गड्यांपैकी एक कंपनीच्या संघात गेला. दोघांना ‘नाथसागर’नं घेतलं. होय, ते नाव शेवटी दुसऱ्या कुणी मागून घेतलं. भोंग्यावर ते चांगलं वाजतं म्हणतात. राहिले चार. हे तो तात्यासाहेबांना सांगत नाही. दाराबाहेर चपला घालताना बोटं मोजतो, ते मला वरून दिसतं. नवाबचाचाच्या हाताला आता ब्रश धरवत नाही, हेही त्यानं एकदाच सांगितलं, शिपायाला.

माझं म्हणाल तर छताला ओल आहे. कोपऱ्यापासून पोपडे निघतायत. ‘डी’ गेली. तिच्याखालून जुनं उर्दू वर येऊ लागलंय. आणखी एक पावसाळा, की मी पुन्हा ‘ठहरो’ होईन. या कार्यालयाला तेवढी पाटी पुरेल.

तरी विनंती की, निर्णय होईपर्यंत मला भिंतीकडून वळवून अक्षरं बाहेर करावीत. कुणी सहज वर पाहिलं तर वाचेल. वाचताना ओठ हलले तरी चालेल. घाई नाही, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण घाई आहे. दगडाबाई नव्वदीला टेकली आहे आणि गडी चारच आहेत.

गेल्या बुधवारी बद्रीनाथ येऊन गेला. तात्यासाहेब रजेवर होते. बदली कारकुनानं आवक नोंदवही पाहून सांगितलं : अर्ज प्राप्त. दाखला प्राप्त. पाटी प्राप्त. बैठकीची तारीख ठरलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.